वाटीभर विरजण

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या तिसाव्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल'. मी हो म्हटलं, लिहायला बसले आणि दुसऱ्या परिच्छेदातच मला जांभई आली. तुमचं काय झालं असतं कोण जाणे. म्हणून विषय बदलला आहे. बाईंनी हे खपवून घेतलं नसतं, पण त्या आज पहिल्या रांगेत बसून हसतायत, म्हणजे परवानगी आहे असं मी धरते.

सुरुवातीला एकच प्रश्न विचारते. तुमच्या घराची दुसरी किल्ली आत्ता कोणाकडे आहे? नवऱ्याकडे, बायकोकडे, मुलांकडे असेल तर ते मोजायचं नाही. भिंतीपलीकडच्या, जिन्यावरच्या, समोरच्या घरात किल्ली आहे, अशांनी हात वर करा.

सात. आपण इथे ऐंशीच्या आसपास आहोत. दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारला असता, तर माझाही हात खाली असता.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी यादोगोपाळ पेठेतलं आमचं घर पाहिलं आहे. वाड्यात सहा बिऱ्हाडं होती. किल्ली कोनाड्यात असायची आणि ती कोनाड्यात आहे हे सहाही बिऱ्हाडांना ठाऊक असायचं, त्यामुळे कुलूप नेमकं कोणासाठी लावायचे हे मला कधी कळलं नाही. शाळेतून आल्यावर आई घरात नसली, तर मी शेजारच्या काकूंकडे जेवायचे. पण मी त्या वाड्याची आरती ओवाळायला इथे उभी नाही. त्याच वाड्यात कोण किती वाजता आलं, कोणाच्या मुलीशी कोण बोललं, याची नोंद ठेवणारे डोळे होते. मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेले त्यात शिक्षणाची ओढ जितकी होती, तितकीच त्या डोळ्यांपासून सुटायची ओढही होती. आपल्यापैकी अनेकींना हे पटेल.

बाबा २०२१ च्या डिसेंबरात गेले. सहा महिन्यांनी मी आईला पुण्याला आणलं. कोथरूडमधल्या एका गल्लीत आमचा फ्लॅट आहे, चौथा मजला. आधी तिथे तीन मजली, जिन्याची इमारत होती, तिचा पुनर्विकास होऊन आता अकरा मजले झालेत. आमच्या गल्लीत अशा तीन इमारती नव्या झाल्या, दोन पाडून ठेवल्यात, बाकीच्या रांगेत आहेत. नव्या इमारतीत सगळं छान आहे. गाडी तळघरात लावायची, तिथून लिफ्टने थेट आपल्या मजल्यावर, दोन पावलांवर आपलं दार. दूध, भाजी, औषध, सगळं दारात. दिवसभरात एकही माणूस न भेटता जगता येतं आणि मला ते फार सोयीचं वाटायचं. माझं काम असं आहे की रात्री दोनला सिॲटलमधला एखादा सर्व्हर रुसला, तर फोन मला येतो. तिथल्या सहकाऱ्याच्या मांजराचं नाव मला माहीत होतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, ते मी वाचलेलं होतं, एवढंच.

आई आली तेव्हा मी तिला मोठा टीव्ही घेऊन दिला, फोनवर यूट्यूब लावून दिलं, स्वयंपाकाला बाई ठेवली. म्हणजे तिला करायला काहीच उरणार नाही याची चोख व्यवस्था केली. वर्षभरात तिचा आवाज बारीक झाला. हे मी अलंकार म्हणून सांगत नाहीये. ती खरोखर हळू बोलायला लागली. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवलं, काही निघालं नाही. एका रविवारी ती म्हणाली, "अगं, इथे दिवसभर बोलायची वेळच येत नाही. साताऱ्यात मला नावानं हाक मारणारी माणसं होती. इथे तू 'आई' म्हणतेस, नात 'आजी' म्हणते. माझं नाव कुणाच्या तोंडून ऐकून किती दिवस झाले?"

मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, "बघू, काहीतरी करू." आणि लॅपटॉप उघडला.

त्याच वर्षीच्या जानेवारीतलं आणखी एक सांगते. आमच्या इमारतीत हळदीकुंकू होतं. बोलवायला आलेल्या बाईंनी दारात उभ्या उभ्या मला आमंत्रण दिलं आणि आईकडे बघून नुसत्या हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, रीतच तशी आहे. आई "ये हं तू जाऊन" म्हणाली आणि आत निघून गेली. म्हणजे बायकांना एकमेकींच्या घरी नेणारं आपल्याकडचं जे हक्काचं निमित्त आहे, तेच नेमकं तिच्यासाठी बंद होतं. मी गेले. वाण म्हणून स्टीलची वाटी मिळाली. ती वाटी पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

आता ऑगस्ट २०२३. आमच्या मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये एक काका एकटे राहतात. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, पत्नी गेलेली, मुलगा अमेरिकेत. रविवारी संध्याकाळी ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. फोन बाहेरच्या खोलीत. कामवाली बाई गावाला गेलेली. मंगळवारी सकाळी पेपर टाकणाऱ्या मुलानं वॉचमनला सांगितलं की आजोबांचे दोन पेपर तसेच पडलेत, तेव्हा लोक जमले. दार आतून बंद, किल्ली कोणाकडेच नाही. कुलूपवाल्याला बोलावून दार उघडेपर्यंत आणखी पाऊण तास गेला. ते वाचले. बेसिनखालच्या बादलीतलं पाणी हाताला येत होतं, म्हणून वाचले.

तो सोमवारचा पेपर मी पाहिला होता. ऑफिसातून येताना लिफ्टमधून बाहेर पडले, पेपर दारात पडलेला दिसला, मनात म्हटलं, गेले असतील कुठे गावाला. आणि आत जाऊन जेवले. त्यांच्या आणि माझ्या ताटामध्ये एक भिंत होती.

आमच्या क्षेत्रात 'हार्टबीट' नावाचा प्रकार असतो. प्रत्येक सर्व्हरनं ठरावीक वेळानं 'मी जिवंत आहे' एवढा एक संदेश पाठवायचा. ओळीनं काही संदेश चुकले की घंटा वाजते आणि माझ्यासारखं कोणीतरी झोपेतून उठतं. हजारो यंत्रांची अशी काळजी घ्यायचा मला पगार मिळतो. हे मी त्या मंगळवारी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून विचार करत होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

मग मी ते केलं जे कुठलाही इंजिनिअर करतो. ॲप लिहिलं. गल्लीतल्या सगळ्या इमारतींसाठी, तीन आठवडे रात्री जागून. मदत मागा, मदत द्या, रक्तगट, छंद, 'आज मी बरा आहे' असं हिरवं बटण. चौदा जणांनी डाउनलोड केलं, त्यातले तिघे माझ्या घरातले. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप काढला. तो जोरात चालला. सकाळी फुलं आणि सुविचार, दुपारी पार्किंगवरून भांडणं, रात्री राजकारण. मी म्हटलं, प्रत्यक्ष भेटलं पाहिजे, गच्चीवर कोजागरी करू. त्या वर्षी नेमकं कोजागरीच्या रात्री चंद्रग्रहण होतं, २८ ऑक्टोबर, कोणाला आठवत असेल. ग्रहणात दूध चालतं का, वेध कधी लागतात, गर्भवतींनी काय करायचं, विज्ञान काय म्हणतं, यावर एका संध्याकाळी ग्रुपवर इतके संदेश आले की दोघांनी ग्रुप सोडला आणि एकानं मला फोन करून सांगितलं की तुम्ही वातावरण बिघडवताय. कोजागरी रद्द झाली. पंधरा लिटर दुधाची ऑर्डर मी हात जोडून परत केली.

या सगळ्याचा आणि पुढे जे घडलं त्याचा काडीचाही संबंध नाही.

झालं असं. नोव्हेंबरात थंडी पडली आणि आईचं दही लागेना. आदल्या दिवशीचं सगळं दही नातीनं संपवलेलं. मी म्हटलं, "थांब, मागवते, दहा मिनिटांत येतं." आई म्हणाली, "मला दही नकोय, विरजण हवंय." मी म्हटलं, तेच ते. ती म्हणाली, "तेच ते नाही." आणि हळदीकुंकवाची ती स्टीलची वाटी घेऊन समोरच्या दाराची बेल वाजवली. समोर एक तमिळ कुटुंब राहतं. आईला तमिळ येत नाही, त्या बाईंना मराठी जेमतेम. पण विरजण कळायला भाषा लागत नाही. वाटीकडे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्या आत गेल्या आणि दोन चमचे दही घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी वाटी परत करायची होती. आता तुम्हाला माहीत आहे, दुसऱ्याचं असो की आपलं, भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. आईनं त्यांच्याच डब्यातून थोडी चटणी पाठवली. डबा दोन दिवसांनी आला, त्यात लिंबाचं लोणचं. मग तिळाची वडी. मग एक दिवस त्या बाई स्वतः, आईला विचारायला की गुडघ्याला कुठलं तेल लावता. महिनाभरात त्या आईला नावानं हाक मारायला लागल्या, पुढे 'अम्मा' लावून. आईचा आवाज पुन्हा आमच्या हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला. ईएनटीवाल्याचे पैसे मी परत मागितले नाहीत, एवढंच.

मी हे बघत होते आणि मला माझ्या ॲपमधली चूक दिसायला लागली. मी 'मदत द्या' हे बटण मोठं, हिरवं केलं होतं. सगळे द्यायला तयार होते. मागायला कोणीच नव्हतं. आपल्या पिढीला, आणि आपण ज्या स्वावलंबनावर वाढलो त्याला, मागणं म्हणजे कमीपणा वाटतो. पण जिच्याकडे विरजण मागितलं, तिला तुम्ही सांगता की तुझी मला गरज आहे. बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात लिहिलंय की विधिमंडळातला एक सभासद त्याच्या विरोधात होता. त्यानं त्याची खुशामत केली नाही, त्याच्याकडून एक दुर्मिळ पुस्तक वाचायला मागून आणलं आणि आठवड्यानं आभारासह परत केलं. पुढे ते आयुष्यभराचे मित्र झाले. आपल्या आयांना हे फ्रँकलिन न वाचता ठाऊक होतं.

मग मी थोडं वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या जूनमध्ये अहवाल दिला, जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा सतावतो. आणि प्रमाण सर्वांत जास्त म्हाताऱ्यांमध्ये नाही, तरुणांमध्ये आहे. हे वाचून मी चमकले होते. अमेरिकेत एमआयटीच्या आवारात दुसऱ्या महायुद्धानंतर विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहत होती, तिथे लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी मैत्री कशी जुळते याचा अभ्यास केला आणि १९५० मध्ये प्रसिद्ध केला. अगदी लागून दार असलेल्या शेजाऱ्यांपैकी ४१ टक्के एकमेकांचे जवळचे मित्र झाले होते, मजल्याच्या दुसऱ्या टोकाशी हेच प्रमाण १० टक्के. अंतर काही पावलांचंच. आणि ज्यांची दारं जिन्याच्या पायथ्याशी होती, त्यांची वरच्या मजल्यावरही ओळख जास्त होती, कारण सगळे तिथूनच जायचे. आवडीनिवडी जुळणं, स्वभाव जुळणं, हे नंतरचं. आधी वाटेत पडावं लागतं. पुढे डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत शेजारशेजारच्या रस्त्यांवर विचारपूस केली. दिवसाला दोन हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते. सोळा हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर, एकाहूनही कमी. आमच्या गल्लीतून आता मुख्य रस्त्याची कोंडी चुकवायला दुचाकी सुसाट जातात. त्याचं काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही. क्षेत्रीय कार्यालयात गतिरोधकासाठी तीन अर्ज दिले आहेत.

जे सुचलं ते अगदी किरकोळ आहे. आमची लिफ्ट तळघरातून थेट वर नेते, म्हणजे जिन्याचा पायथा आम्ही स्वतःच पुसून टाकला होता. तेव्हा सोसायटीच्या सभेत ठराव मांडला की वर्तमानपत्रं दारात टाकायची नाहीत, खाली वॉचमनच्या खोलीशेजारच्या लाकडी खणांत ठेवायची आणि ज्यानं त्यानं येऊन न्यायची. फार कटकट झाली. "मेंटेनन्स कशाचा भरतो?" असंही कुणी म्हणालं. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांचे पेपर वर जातात. बाकी सगळ्यांना खाली यावं लागतं आणि साडेनऊपर्यंत पेपर तसाच राहिला तर वॉचमन इंटरकॉम करतो. माझा हार्टबीट तो हाच. एक ओळ कोड लिहावा लागला नाही. खाली दोन जुन्या वेताच्या खुर्च्या ठेवल्या, आता सात झाल्यात, त्यांतली एक कोणाची हे कोणालाच माहीत नाही. संध्याकाळी पाचला भाजीची गाडी येते तेव्हा तिथे जागा मिळत नाही. आणि एक गोष्ट मी उशिरा शिकले. गल्लीतल्या प्रत्येकाला नावानं ओळखणारा एक माणूस आधीपासून तिथे होता. तो बारा तास त्या खोलीत बसलेला असायचा आणि आम्ही त्याला 'वॉचमन' म्हणत होतो.

ते काका नोव्हेंबरात वॉकर घेऊन घरी आले. सगळे त्यांना डबे देत होते आणि ते दिवसेंदिवस चिडचिडे होत होते. मग वॉचमननं त्यांना विचारलं, पोराला दहावीचं गणित दाखवाल का. आता आठवड्यातून चार दिवस त्यांच्याकडे पाच मुलं असतात आणि काका पूर्वीपेक्षा जास्त ओरडतात, पण वेगळ्या कारणानं. समोरच्या इमारतीत लातूरचा एक मुलगा भाड्यानं राहतो, सव्वीस वर्षांचा, रात्रपाळीवर. भाजीवाल्याशी बोलताना आईला त्याची बोली ऐकू आली. त्यानं नंतर मला सांगितलं की त्या आठवड्यात तो फक्त डिलिव्हरीवाल्यांशी बोलला होता, आणि तेही ओटीपी सांगण्यापुरतं.

यंदाच्या जानेवारीत खाली पार्किंगमध्ये तिळगुळाचा कार्यक्रम झाला. सगळ्या बायका, सगळे पुरुष, मुलं, वॉचमनचं कुटुंब. काही जणींना ते रुचलं नाही, त्यांनी आपलं हळदीकुंकू वेगळं केलं. त्यांचा मी राग धरत नाही. आईला मात्र बोलवायला त्या जुन्याच बाई आल्या होत्या. या वेळी त्या घरात येऊन बसल्या.

सगळं गोड झालं असं समजू नका. सहाव्या मजल्यावर एक बाई आहेत, त्या कोणालाच दार उघडत नाहीत. आम्ही तीनदा गेलो, मग थांबलो, कारण दार न उघडण्याचाही माणसाला हक्क असतो. त्यांचा पेपर मात्र रोज खणातून जातो, त्यावर आमचं लक्ष असतं. आणि शेजारीण म्हणजे डॉक्टर नव्हे. गल्लीतल्या एका तरुणीला खरं नैराश्य होतं, तिला चटणीच्या डब्यानं बरं वाटणार नव्हतं, तिला मानसोपचारतज्ज्ञाकडेच न्यावं लागलं. फक्त तिच्या आईनं सोबत यायला कोणाला विचारावं हा प्रश्न पडला नाही. ज्यांचे आईवडील इथे साताऱ्यात एकटे आहेत, आणि आपल्यातल्या निम्म्या जणांचे आहेत, त्यांनी १४५६७ हा नंबर फोनमध्ये ठेवा. ज्येष्ठांसाठीची ती सरकारी मदतवाहिनी आहे. पण त्याआधी आज संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांच्या शेजारच्या घरी जा आणि काहीतरी मागा.

आई आज माझ्याबरोबर आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. दोन दिवस राहू, मोती चौकात जाऊ, जुन्या काकूंना भेटू, असं ठरलं होतं. पण सकाळी तिनं पर्स उघडली, तर तिच्यात आमच्या गल्लीतल्या तीन घरांच्या किल्ल्या निघाल्या. नेहमी त्या आमच्या दारामागच्या खिळ्यांवर असतात, निघायच्या गडबडीत तिनं बरोबर आणल्या. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातला मुलगा सात वाजता क्लासहून येतो आणि त्याचे आईवडील नऊला. मघापासून ती मला खुणा करतेय. तेव्हा जेवण झाल्याझाल्या आम्हाला निघावं लागेल. ग्रुप फोटो आधी काढून घेऊ या का?